मदत हवी आहे: सॉर्टचा मॅक्रो रेकॉर्ड करताना चालला, आता 1004 एरर

घाईत आहे:
एक्सेलमध्ये आधी कोड, मग तारीख अशा दोन कॉलमवर यादी सॉर्ट करणारा मॅक्रो (आपल्या कृती पुन्हा करणारा प्रोग्राम) रेकॉर्ड केला. तेव्हा व्यवस्थित चालला. आता बटण दाबलं की 1004, आणि डीबग केलं की 'डॉट अप्लाय'ची (सॉर्ट प्रत्यक्ष चालवणारी) ओळ पिवळी. कधी चाललाच तर कोड 1, 10, 100, 2 असे लागतात आणि तळाच्या ओळी जागच्या हलत नाहीत. यादी आजच द्यायची आहे. थेट उपाय सांगा, प्लीज.

रिकामा सेल:
मॅक्रो कशाला? 365 किंवा 2021 असेल तर सॉर्टबाय फॉर्म्युला लावा, एका ओळीत काम.

टिंबटिंब:
फॉर्म्युला सॉर्ट केलेली प्रत दुसरीकडे टाकतो, मूळ यादी तशीच राहते. धागाकर्ते, मॅक्रोचा कोड डकवा. मर्ज केलेले सेल आहेत का? आणि "कधी चाललाच" म्हणजे नक्की कधी?

घाईत आहे:
मर्ज नाहीत. कोड रेकॉर्डरने लिहिला तोच, त्यात काय बघायचं? यादीच्या शीटवर असताना मॅक्रोच्या खिडकीत एफ5 दाबलं की चालतो. बटणावरून नाही. बटण 'मुख्य' शीटवर आहे.

टिंबटिंब:
हे आधी सांगायचं ना! रेकॉर्डर सॉर्टच्या आधी शीटचं नाव घालतो, पण 'की' (ज्या कॉलमवर सॉर्ट करायचं तो) आणि 'सेटरेंज' (सॉर्ट करायची पूर्ण यादी) यांत नुसतं 'रेंज' लिहितो. नुसतं रेंज म्हणजे त्या क्षणी समोर असलेली शीट. बटण दाबताना समोर 'मुख्य' असते. सॉर्ट एका शीटचा आणि त्याची 'की' दुसऱ्या शीटची, म्हणून 1004.

व्हीलुकअप:
सोपं आहे. रेंजच्या आधी टिंब द्या, झालं.

टिंबटिंब:
नाही होणार. तो विथ ब्लॉक (टिंबाने सुरू होणारं सगळं कोणाचं, ते ठरवणारा भाग) शीटचा नाही, सॉर्टचा आहे. तिथे टिंब दिलंत तर 438 एरर येईल. वर 'सेट डब्ल्यूएस' करून यादीची शीट 'डब्ल्यूएस' या व्हेरिएबलमध्ये धरा आणि दोन्ही की व सेटरेंज अशा तिन्ही जागी 'डब्ल्यूएस डॉट रेंज' लिहा.
तळाच्या ओळींचं कारणही तिथेच. रेकॉर्डरने ए1 ते एफ350 असा काहीतरी पक्का पत्ता लिहिलेला असणार, पुढचं तो बघतच नाही. शेवटची ओळ दर वेळी कॉलमच्या तळापासून 'एंड एक्सएलअप' करून (वर सरकत) काढा. त्या ओळीच्या नंबरचं व्हेरिएबल 'लाँग' प्रकारचं घ्या, इंटिजर 32767 च्या पुढे ओव्हरफ्लो देतो. 'सॉर्टफिल्ड्स डॉट क्लिअर' काढू नका, नाहीतर जुन्या की साठत जातात.

व्हीलुकअप:
कोड न बघता विथ ब्लॉक कसा दिसला म्हणे?

टिंबटिंब:
रेकॉर्डर दर वेळी तेच लिहितो.

व्हीलुकअप:
असो. कोड टेक्स्ट म्हणून बसलेत, म्हणून 1, 10, 100 असे लागतात. पेस्ट स्पेशलमधून 1 ने गुणा. टेक्स्टचे आकडे होतील.

तीन शून्य:
आणि 0045 चं 45 झालं की? कोड आहेत, रकमा नव्हेत. कोडच्या कीला डेटाऑप्शन 'एक्सएलसॉर्टटेक्स्टअ‍ॅजनंबर्स' (टेक्स्ट आकड्यासारखं लावा) द्या. डेटाला हात लागत नाही.

पानं चाळणारा:
शीटचे टॅब अकारविल्हे लावायचे असतील तर दोन लूप आणि 'मूव्ह बिफोर' वापरा.

रिकामा सेल:
टॅबचं कोणी विचारलं?

घाईत आहे:
1004 गेला, तळाच्या ओळीही आल्या. डेटाऑप्शन देऊनही काही कोड शेवटीच जातात.

तीन शून्य:
त्यातल्या एकावर लेन फॉर्म्युला (अक्षरं मोजणारा) लावा.

घाईत आहे:
दिसतात चार अंक, लेन 5.

तीन शून्य:
वेबपेजवरून पेस्ट केलेत ना? शेवटी 160 नंबरचं कॅरॅक्टर आहे, न तुटणारी स्पेस. ट्रिम फक्त 32 नंबरची साधी स्पेस काढतो. रिप्लेसने 'सीएचआरडब्ल्यू 160' काढा, पण आधी कॉलमचं फॉरमॅट टेक्स्ट करा. जनरल असताना रिप्लेस केलंत तर एक्सेल कोड नव्याने टाईप केल्यासारखा वाचतो आणि सुरुवातीची शून्यं उडतात. त्याआधी फाइल सेव्ह करा, मॅक्रोनंतर कंट्रोल झेड मिळत नाही.

घाईत आहे:
कोड लागले! आता प्रत्येक कोडच्या ओळींत 13 पासून पुढच्या तारखा सगळ्या तळाशी, 12 पर्यंतच्या वर. हे काय?

तीन शून्य:
तारखा सीएसव्हीवर (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली टेक्स्ट फाइल) डबल क्लिक करून उघडल्यात का? एक्सेलने महिना आधी धरला. 12 पर्यंतच्यांत दिवस-महिना उलटले, 13 पासूनच्या टेक्स्ट राहिल्या. इथे सॉर्टने काही होणार नाही. सीएसव्ही टेक्स्ट इम्पोर्ट विझार्डमधून परत आणा आणि तारखेच्या कॉलमला डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) द्या.

घाईत आहे:
हो, सीएसव्ही. सांगायचं राहिलं.