पंपाच्या कामाला आणि पावनखिंडीला चालेल असा घडीचा चाकू की मल्टीटूल? सल्ला हवा

करवीरचा_फिटर
नमस्कार मंडळी. मी शेतीपंप दुरुस्त करतो. करवीर आणि पन्हाळा तालुक्यात दिवसभर फिरती, कधी विहिरीत उतरायचं तर कधी नदीकाठच्या मोटारीपाशी चिखलात बसायचं. शिवाय यंदा जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालायचं ठरलंय. आजवर बाजारातला साधा घडीचा चाकू वापरला. गेल्या महिन्यात पाईप कापताना त्याचं पातं अचानक मिटलं आणि बोटाला ३ टाके पडले. आता एकदाच चांगली वस्तू घ्यायची आहे. बजेट १५ हजारांपर्यंत. नेटवर बघितलं तर नवी लॉक, चुंबकाच्या मुठी, पोलादाची भलभलती नावं. यातलं माझ्या कामाला खरंच काय लागतं?

सह्यभटक्या
लेदरमन कंपनीचं आर्क हे मल्टीटूल, म्हणजे पक्कड आणि चाकू एकातच, बघ भावा. २०२३ च्या शेवटी आलं. मुठी चुंबकानं मिटतात, एका हातानं सगळं उघडतं आणि पातं मॅग्नाकट पोलादाचं. हे पोलाद लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञानं २०२१ मध्ये आणलं. गंज धरत नाही, धार लई टिकते. तिकडं २३० डॉलरला निघालं, म्हणजे तुझ्या बजेटच्या बाहेर जातंय, पण एकदाच घ्यायचं म्हणतोस म्हणून सांगतो.

उद्यमनगर_टूलरूम
बोटाला जपा. आधी पातं का मिटलं ते बघू, कारण सगळी निवड तिथंच ठरते.

साध्या घडीच्या चाकूत लॉक नसतं. पाठीमागची पट्टी-स्प्रिंग पात्याला दाबून धरते, एवढंच. धारेकडून जोर दिला तर चालतं. पण पाईपमध्ये पातं अडकलं, ते मागं ओढताना पाठीवर जोर आला, की बोटावरच मिटतं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्याच्या बुडाला टेकते. हे चांगलं असतं, मात्र त्या जागेत वाळू किंवा चिखल बसला तर पट्टी पूर्ण टेकत नाही, आणि उघडताना ते कळतही नाही. तुमचं काम चिखलातलं, म्हणून मुद्दाम सांगतोय. शिवाय बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो.

आता आडव्या खिटीचं लॉक. बेंचमेड या चाकू कंपनीनं १९९८ मध्ये अ‍ॅक्सिस नावानं आणलं. पोलादी खिटी मुठीत आरपार असते आणि पातं उघडलं की त्याच्या बुडामागं येऊन अडते. बंद करताना खिटी मागं ओढायची, बोटं पात्यापासून लांब राहतात. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांनीही तसंच लॉक घ्यायला सुरुवात केली, त्यामुळं आता ते स्वस्त चाकवांतही मिळतं. गेल्या काही वर्षांतल्या नव्या गोष्टींपैकी मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच.

पोलादाबद्दल माझं मत सह्यभटक्यांपेक्षा वेगळं आहे. मी रोज डाय, म्हणजे पोलादी साचे, कडक करतो. मॅग्नाकट उत्तम आहेच. पण ते ६२-६४ रॉकवेलपर्यंत (हे कडकपणाचं माप) कडक करतात. बोथट झालं तर साध्या दगडावर तासभर घासत बसाल, त्याला डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याच्या कणांची पट्टी, लागते. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूचं पातं ५५-५६ ला असतं, बांधावर बसून ५ मिनिटांत धार येते. पाईपवरची माती आणि रेती कुठल्याही पात्याची धार खाते. रोज धार लावणाऱ्यानं लवकर धार घेणारं पोलाद घ्यावं.

तुमच्या कामाला चाकूबरोबर पक्कडही लागते, म्हणून तुमच्यासाठी लेदरमन वेव्ह प्लस हे मल्टीटूल. साधारण २४० ग्रॅम, चाकू मुठीच्या बाहेरच्या अंगाला, त्यामुळं पक्कड न उघडता एका हातानं निघतो आणि लॉकही होतो. वायर कापायचे जबडे झिजले तर बदलता येतात. कंपनीची २५ वर्षांची वॉरंटी आहे. टिम लेदरमन १९७५ मध्ये जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता, खिशात चाकू होता पण गाडी नीट करायला पक्कड नव्हती. त्यातून १९८३ मध्ये पहिलं मल्टीटूल बाजारात आलं. तुमची अडचण तीच आहे.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: मुठी उघड्या धातूच्या आहेत. मोटारीचा पुरवठा बंद केल्याशिवाय वायरला लावू नका.

बावडा_घाट
दादांशी सहमत. गगनबावड्याच्या पावसात मी कार्बन पोलादाचा ओपिनेल कंपनीचा घडीचा चाकू नेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पात्यावर तांबूस डाग. त्याचंच स्टेनलेस पातंही मिळतं, घेणार असाल तर ते घ्या. ट्रेकला माझ्याकडं व्हिक्टोरिनॉक्सचा फार्मर नावाचा घडीचा चाकू असतो, ९३ मिलिमीटरचा, अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा. त्याच्या करवतीनं ओली फांदी सहज कापते. लॉक नाही, हे ध्यानात ठेवून वापरायचा.

करवीरचा_फिटर
वेव्ह प्लसच घेतो, दादा. खिशात बाळगायला कायद्याची अडचण नाही ना? आणि २०२४ ला व्हिक्टोरिनॉक्स बिनपात्याची अवजारं काढणार असं वाचलं, ते कशासाठी?

उद्यमनगर_टूलरूम
काही देशांत चाकू बाळगण्याचे नियम कडक होत चाललेत, म्हणून पातं नसलेली अवजारं विकसित करतोय असं त्यांनीच सांगितलं. तुम्हाला पातं लागणारच, त्यामुळं ते सोडा.

आपल्याकडं शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, त्यातून घरगुती, शेती आणि औद्योगिक कामाची अवजारं वगळली आहेत. वेव्हचं पातं ३ इंचसुद्धा नाही. तरी सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगायला बंदी घालणारे आदेश निघतात. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा अंबाबाईच्या देवळात जाताना ते गाडीच्या डिकीत कामाच्या हत्यारांबरोबर ठेवा. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही.

करवीरचा_फिटर
आणि धार? मला नीट येत नाही.

उद्यमनगर_टूलरूम
दोन्ही बाजूंनी साधारण २० अंश. पातं आधी दगडावर उभं धरा म्हणजे ९० झाले, त्याच्या निम्मं ४५, आणि त्याच्याही निम्म्याहून थोडं खाली आणा. दगड ओला ठेवा. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला बारीक खरखर लागेपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडं ओढत दहा-बारा हात. फणसाचा चीक सांध्यात गेला तर आधी खोबरेल तेलानं सैल करा, मग कोमट साबणाच्या पाण्यात उघडझाप करून धुवा, कोरडं करा आणि मशीन ऑइलचा एकच थेंब. खोबरेल आत राहू देऊ नका, थंडीत गोठतं. त्या जुन्या चाकवावर हात बसवून घ्या, पण बोट बरं झाल्यावर.