स्पाइकच्या हाताचे आतले वळण कमी भरते: स्लीपर स्ट्रेच करावा का?

प्रश्न

माझी सतरा वर्षांची मुलगी लहानपणापासून व्हॉलीबॉल खेळते. तिचा खांदा दुखत नाही, परंतु अलीकडे स्पाइकचा, म्हणजे उडी मारून मारलेल्या फटक्याचा, जोर कमी झाला आहे. दंड बाजूला 90 अंशांवर धरून फिजिओथेरपिस्टनी केलेली मोजणी अशी: स्पाइकचा उजवा हात बाहेर 110 अंश वळतो, आत 45, डावा बाहेर 95, आत 60. आतले वळण कमी भरल्यामुळे प्रशिक्षकांनी रोज स्लीपर स्ट्रेच (कुशीवर झोपून खालचा हात दुसऱ्या हाताने आतल्या दिशेला दाबण्याचा ताण) सांगितला आहे. तो करावा का?

प्रतिसाद १

आपल्याच आकड्यांची बेरीज करून पाहावी. दोन्ही हातांची 155 अंशच येते. म्हणजे वळण घटलेले नसून बाहेरच्या दिशेला सरकलेले आहे. वाढीच्या वयात दंडाच्या हाडातील पीळ हळूहळू उलगडत जातो. सतत फटके मारणाऱ्या हातात तो कमी उलगडतो, आणि त्यामुळे बाहेरचे वळण जेवढे वाढते तेवढेच आतले कमी होते. हाडाच्या घडणीतला हा फरक स्ट्रेचिंगने जाणार नाही, आणि जाण्याची गरजही नाही, कारण फटक्यापूर्वी हात मागे नेण्याची मुभा त्यातूनच मिळते. उजव्या हाताची बेरीज डाव्यापेक्षा पाच अंशांहून अधिक कमी भरली असती, तर खांद्याचा मागचा भाग आखडल्याचा संशय घेऊन मी हात छातीवरून आडवा ओढण्याचा स्ट्रेच सुचवला असता. स्लीपरमध्ये काहींचा खांदा पुढून दुखतो. पुढची मोजणी सरावापूर्वी करावी, खेळानंतर आतले वळण तात्पुरते कमी भरते.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत. जोराविषयी सांगायचे, तर तो पाय आणि धडातून वर येतो. धड वेळेवर वळले नाही, की ती तूट खांद्याला भरून काढावी लागते. त्यामुळे आधी उडी आणि धडाचे वळण तपासावे. शिवाय हात बाहेर वळवणाऱ्या स्नायूंची ताकद आत वळवणाऱ्यांच्या निदान दोन-तृतीयांश असावी, कारण चेंडू मारल्यानंतर हाताला ब्रेक तेच लावतात. त्यासाठी रबर बँडचा व्यायाम पुरेसा आहे.

मात्र त्याआधी मुलीला पाठमोरी उभी करून उजव्या फऱ्याच्या हाडावर, त्याच्या आडव्या उंचवट्याखाली, डाव्यापेक्षा जास्त खळगा दिसतो का ते पाहावे. व्हॉलीबॉलपटूंमध्ये तिथल्या नसेवर ताण येऊन इन्फ्रास्पिनेटस हा हात बाहेर वळवणारा मुख्य स्नायू कसलीही वेदना न होता वाळू शकतो. तसे दिसल्यास बँड बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.