शब्दचर्चा : लाच, टक्केवारी, हप्ता, मलिदा, लक्ष्मीदर्शन

पंचवटीकर : सातबाऱ्यावरच्या फेरफाराची बातमी असली की 'लाच' छापतात. 2027 च्या सिंहस्थाच्या रस्त्यांचा विषय निघाला की लोक 'टक्केवारी' म्हणतात. अर्थ एकच ना?

सातपूरकर : कायद्याला एकच, वापरात नाही. लाच एका कामासाठी, एकदा, ठरावीक आकड्यात. टक्केवारी ठेकेदाराच्या देयकावर बसते. कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद करतो, उपअभियंता तपासतो, कार्यकारी अभियंत्याची सही होते, मग लेखा विभाग. यातल्या कुठल्याही टेबलावर फाईल थांबू शकते, म्हणून वाटेही तितकेच. समजा अंदाजपत्रक 1 कोटीचे आणि निविदा 15 टक्के कमी दराने भरली, तर हाती 85 लाख. त्यातले 10 टक्के वाटण्यात गेले की उरतात साडेशहात्तर. ही तूट डांबरातून भरून काढतात. 50 मिलिमीटरचा थर 40 चा केला की पाचवा हिस्सा माल वाचतो, आणि पहिल्याच पावसात खडी वर येते.

याला 'कमिशन' म्हणणे मला अजिबात पटत नाही. लासलगावच्या बाजार समितीतली आडत, म्हणजे आडत्याची दलालीही टक्क्यातच असते, पण ती उघड आणि कायदेशीर. चोरीला धंद्याचा शब्द दिला की ती रीत वाटू लागते.

देवळालीकर : सहमत. 'हप्ता' वेगळा. मूळ फारसी, सात दिवसांचा आठवडा. यात काम करून घ्यायचे नसते, डोळेझाक विकत घ्यायची असते, म्हणून तो नियमित जातो. 'चिरीमिरी' म्हणजे किरकोळ रक्कम. 'मलिदा' मूळचा तूप-साखरेत चुरलेल्या पोळीचा. तो 'लाटतात' किंवा 'खातात'. 'मलिदा मागितला' असे कुणी म्हणत नाही. मागणीसाठी शब्द लाचच.

पंचवटीकर : बातम्यांत 'तडजोडीअंती' असते, ते काय?

नाशिकरोडकर : सापळ्याच्या पडताळणीतला शब्द. तक्रार आली की लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आधी पंचासमक्ष मागणीची खातरजमा करतो, संभाषण रेकॉर्ड होते. घासाघीस होऊन शेवटी ठरलेली रक्कम ती 'तडजोडीअंती'. मग नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून त्यांना फिनॉल्फ्थॅलिन पावडर लावतात. नोटा स्वीकारल्यावर हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते. त्यांच्या कागदांत 'आलोसे' दिसेल. म्हणजे आरोपी लोकसेवक. केस पडते ती बहुधा मागणी सिद्ध न झाल्याने. नुसत्या गुलाबी पाण्यावर शिक्षा टिकत नाही.

सातपूरकर : टक्केवारी सापळ्यात सापडत नाही, त्याचे कारणही हेच. दर आधीच ठाऊक असतो, मागणी तोंडातून निघत नाही आणि देणाऱ्याचाही फायदा असतो. 2018 च्या दुरुस्तीपासून देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत कळवल्यास संरक्षण मिळते. त्यासाठी 1064 हा नंबर.

पंचवटीकर : आणि ठेकेदार गप्पच बसला तर?

सातपूरकर : तर कागद बोलवायचे. माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांची मुदत. 'रस्त्याची माहिती द्या' असे मोघम लिहू नका, मोघम उत्तर येते. कामाचे नाव आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक घालून मोजमाप पुस्तकाची संबंधित पाने, अंतिम देयक आणि कोअर चाचणीचा, म्हणजे रस्त्यातून कापून काढलेल्या नमुन्याच्या तपासणीचा अहवाल मागा. नोंदलेली जाडी आणि कोअरची जाडी शेजारी ठेवली की तफावत दिसते.

देवळालीकर : 'लक्ष्मीदर्शन' राहिले. मतदानाच्या आदल्या रात्रीची पाकिटे. शब्द देवाधर्माचा असला तरी भारतीय न्याय संहितेत ती निवडणुकीतली लाचच, घेणाऱ्यालाही लागू, एक वर्षापर्यंत कैद. नुसती जेवणावळ असेल तर मात्र फक्त दंड.