मदत हवी आहे: ट्रेलरचं छत गळतंय, पुढच्या शुक्रवारी निघायचंय

मिशिगनकर
नमस्कार. आमच्या कॅम्पिंगच्या ट्रेलरच्या छतातून पाणी येतंय. काल रात्रभर पाऊस होता, सकाळी बघतो तर जेवणाच्या टेबलावर पाणीच पाणी. आई-बाबा साताऱ्याहून आलेत, पुढच्या शुक्रवारी लेक सुपीरियरच्या काठी पिक्चर्ड रॉक्सला निघायचंय, मुनिसिंग गावाजवळची कॅम्पची जागा हिवाळ्यातच बुक केलेली. इथल्या दुरुस्तीवाल्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. कुठलं सीलंट आणू? लवकर सांगा, संध्याकाळी दुकानात जातोय.

रानवारा
छत कशाचं आहे? रबर, फायबरग्लास की अ‍ॅल्युमिनियम? ट्रेलर कुठल्या सालचा? टेबलाच्या बरोबर वर काय आहे?

मिशिगनकर
२०१४ चा, २४ फुटी. गेल्या वर्षी सेकंड हँड घेतला. छत पांढरं आहे. टेबलाच्या वर एसी. सीलंटचं नाव सांगा ना.

ओहायोचा बाळ्या
एसीचं गॅस्केट (खालची पाणी अडवणारी गादी), दुसरं काही नाही. छताला १४ बाय १४ इंचाचं भोक असतं, त्यावर एसी बसवलेला, मध्ये फक्त फोमचं गॅस्केट. आतली जाळी काढलीत की चार बोल्ट दिसतील. रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. समोरासमोरचे कोपरे धरून थोडे थोडे आवळा. माझं काम दहा मिनिटांत झालं होतं.

रानवारा
बाळ्या, तुझं झालं म्हणून सगळ्यांचं तेच असेल असं नाही. गॅस्केट साधारण अर्ध्या इंचापर्यंत दबलं की थांबायचं, जास्त आवळलं तर एसीचा तळ वाकतो. शिवाय थेंब पडतो तिथूनच पाणी शिरतं असं कुठाय? रबराखाली शिरलेलं पाणी प्लायवूडवरून कितीही लांब जातं आणि पहिलं भोक मिळेल तिथे खाली येतं. ते भोक म्हणजे बहुतेक वेळा एसीचंच. ट्रेलर सपाट जागी उभा आहे का?

कोथरूडचे काका
आमच्या सोसायटीच्या गच्चीला हाच त्रास होता. पाच वर्षं नुसत्या डागडुज्या चालल्या होत्या. शेवटी ब्रिकबॅट कोबा करून वर चायना मोझॅक लावलं, सोळा पावसाळे झाले, थेंब नाही. करायचं तर एकदाच पक्कं करा.

नलिनी_टी
काका, हे चाकांवरचं घर आहे, गाडीमागे ओढायचं. छत म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर प्लायवूड आणि वर रबराचा पडदा. कोब्याचं वजन नाही पेलणार.

कोथरूडचे काका
अस्सं. मला वाटलं गच्चीच असेल. पण उतार नीट हवा हे इथेही लागू आहेच.

टेक्सासवासी
सीलंटच्या भानगडीत पडू नका. इटर्नाबाँडची टेप आणा, सगळ्या सांध्यांवर मारा, विषय संपला. माझ्या ट्रेलरला सात वर्षं झाली.

रानवारा
गळती कुठे आहे ते कळायच्या आधी टेप मारली तर ओल आतच कोंडते. आणि ती टेप एकदा बसली की निघत नाही, काढायला गेलं की छताचं रबर सोबत येतं.

टेक्सासवासी
काढायची कशाला? तेच तर सांगतोय.

मिशिगनकर
दुकानात सिलिकॉन मिळालं, घेऊन आलो. एसीभोवती लावून टाकू?

नलिनी_टी
नको, नको! सिलिकॉनवर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही. आमच्या आधीच्या मालकाने लावलेलं खरवडण्यात आमचे दोन शनिवार गेले. ते परत करा आणि छतासाठीचं सेल्फ-लेव्हलिंग लॅप सीलंट आणा, डायकॉरचं मिळतं. आधी छत कुठलं ते बघा: टोकाला, कडपट्टीशी रबर जरा उचकटून खालची बाजू काळी दिसली तर ईपीडीएम (खरं रबर), पांढरी-राखाडी असेल तर टीपीओ (रबरासारखं प्लास्टिक). ईपीडीएमवर पेट्रोलपासून बनलेलं कुठलंही क्लीनर लावू नका, रबर फुगतं.

इंडियाना_सई
जरा वेगळं विचारते. आम्हीही सासू-सासऱ्यांना घेऊन जायचा विचार करतोय. वयस्कर माणसांना त्या पायऱ्या जमतात का? आणि २४ फुटी ओढायला कुठली गाडी लागते?

मिशिगनकर
सई, पायऱ्यांना बाजूला दांडा लावून घेतलाय, आईला जमतं. गाडीचं नंतर लिहितो.
आत्ता वर चढून आलो. पायाखाली प्लायवूडचे दोन तुकडे ठेवत, गुडघ्यांवर. एसीचे बोल्ट घट्ट आहेत. पण मागे बाथरूमच्या व्हेंट पाइपभोवतीचं सीलंट तळं आटल्यावरच्या चिखलासारखं तडकलंय. एका फटीत माझं अख्खं नख आत गेलं. पाइप टेबलापासून आठ-नऊ फुटांवर आहे. आणि हो, ट्रेलर पुढच्या बाजूला उतरता उभा आहे, ड्राइव्हवेच तसा आहे.

रानवारा
मग सापडलं. पाणी पाइपापाशी शिरतंय आणि उताराने पुढे एसीच्या भोकाशी येतंय. सुटं झालेलं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने काढा, घट्ट बसलेलं राहू द्या. जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच नवं ओता, सगळ्या स्क्रूंच्या डोक्यांवरून. ते आपोआप पसरतं, बोटाने सारखं करायला जाऊ नका. आत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) दोन-तीन दिवस चालू ठेवा.

ओहायोचा बाळ्या
तरी गॅस्केट बदलून घ्या. अकरा वर्षं जुनं आहे.

मिशिगनकर
मंगळवारी सीलंट लावलं. काल रात्री दोन तास चांगला पाऊस झाला. बाबा टॉर्च घेऊन टेबलापाशी बसून होते, दर थोड्या वेळाने छतावरून तळहात फिरवायचे. एकदम कोरडं. सगळ्यांचे मनापासून आभार.
आता एकच: पाइपाजवळ आतून छत दाबलं की बोट जरा आत जातं. शुक्रवारच्या आधी उघडू का, की परत आल्यावर?

नलिनी_टी
मऊ भाग केवढा आहे? तळहाताएवढा की जास्त? भिंतीपर्यंत पोचलाय का? फोटो टाका.