मदत हवी आहे: किनाऱ्याने शांत सायकल सहल करायचीये, पण सायकलच गप्प बसत नाहीये

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, आधीच सॉरी.

मी आणि माझी ताई, दोघी मिळून पाच दिवसांची सायकल सहल ठरवतोय. समुद्राच्या कडेकडेने जायचं, मधेच आत वळायचं, शेतांमधून गावांमधून जाऊन परत किनारा गाठायचा. रोजचे ४०-४५ किलोमीटर, बास. कुणाला दाखवायचं नाही, कुणाला मागे टाकायचं नाही. ताईची अट एकच, वारा आणि पाणी ऐकू आलं पाहिजे. आणि घोडं नेमकं इथेच अडलंय.

मागच्या महिन्यात रंगीत तालीम म्हणून दोन दिवसांची छोटी फेरी मारली. ओहोटी होती, वाळू ओली आणि अशी टणक की चाक जेमतेम रेघ उमटवत होतं, मोह काही आवरला नाही आणि आम्ही तासभर त्या वाळूवरूनच सायकली हाकल्या, मधेमधे लाटेचं पाणी चाकाला लागत होतं तेही मजेत. घरी आल्यावर जीव नव्हता म्हणून सायकल तशीच भिंतीला टेकवली ती चार दिवसांनी धुतली. (हो, माहितीये. शिव्या घालून झाल्या की पुढे वाचा.)

तेव्हापासून ती "टक्" करते. टक्, मग शांत, मग परत टक्. रहदारीत कळतही नाही, पण जरा रिकामी वाट लागली, दोन्ही बाजूंना गवत, लांबवर पाण्याचा घुमारा, की हिचं सुरू. ताई पन्नास मीटर पुढे निघून गेली आणि वर ओरडून सांगितलं की तू तिथेच राहा.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते. एका मेकॅनिकला दाखवली, त्याने दोन पेडल मारून बघितली आणि बॉटम ब्रॅकेट (दोन्ही पेडलांच्या दांड्यांना जोडणारा मधला आस, बेअरिंगसकट) गेलंय म्हणाला, बदललं, आवाज जसाच्या तसा. मग मीच पेडलं काढून आट्यांना ग्रीस लावलं, सीटचा दांडा काढून पुसून परत बसवला, उभं राहून चालवून बघितलं, काही फरक नाही. पेडल मारायचं थांबलं की आवाज बंद, उतारावर एकदम गुणी बाळ. एक विचित्र गोष्ट म्हणजे आवाज दर फेरीला येत नाही. कंटाळून एकदा मोजलंच. पुढे तीन चकत्या आहेत, ४८, ३८ आणि २८ दातांच्या. मधल्या चकतीवर पेडलच्या जवळजवळ तीन फेऱ्यांनी एकदा टक् होतं, लहानीवर बरोब्बर चार फेऱ्यांनी. मोठीवर दोन की सव्वादोन, तिथे माझा गोंधळ झाला. मागचा गिअर बदलला तरी हिशोब बदलत नाही. हे काय असतं?

बाकीचे प्रश्न याच धाग्यात टाकते. टायर २८ मिमीचे आहेत आणि मी ९० पीएसआय हवा भरते, कच्च्या वाटेवर हाडं खिळखिळी होतात, जाड टायर घेऊ का? दुसरं, दुपारी वारा असा काही अंगावर आला की सपाट रस्त्यावर लहान चकती लावावी लागली, तर यावर काही उपाय असतो की नशीब? आणि तिसरं, नकाशात बघून शांत रस्ता ओळखायचा कसा, कारण आम्ही निवडलेला "निवांत" रस्ता ट्रकांनी भरलेला निघाला.

प्रतिसाद १

वाळूबद्दलच्या शिव्या गृहीत धर, मी मुद्द्यावर येतो.

उत्तर तूच लिहून ठेवलंयस आणि तुला कळलं नाहीये. चकतीचा एक दात चेनची एक कडी ओढतो. लहान चकतीवर ४ फेऱ्या म्हणजे २८ गुणिले ४, ११२ कड्या. मधलीवर जवळजवळ तीन म्हणजे ११४ च्या जरा आत. तुझी चेन ११२ कड्यांची असणार, मोजून बघ. थोडक्यात चेनची एक अख्खी प्रदक्षिणा झाली की एक टक्. दोष चेनवरच आहे, एकाच जागी. पेडल, क्रँक (पेडलचा दांडा) किंवा बॉटम ब्रॅकेट असतं तर कुठल्याही चकतीवर दर फेरीला वाजलं असतं. मागच्या चाकातलं काही असतं तर पेडल न मारतासुद्धा चाकाबरोबर वाजलं असतं आणि गिअर बदलल्यावर हिशोब बदलला असता. बॉटम ब्रॅकेट फुकट बदललं गेलं, वाईट वाटून घेऊ नकोस, आम्ही सगळे त्या शाळेत जाऊन आलोय.

बहुतेक एक कडी खाऱ्या पाण्याने आखडलीये. सायकल उलटी कर, पेडल हाताने मागच्या बाजूला अगदी हळू फिरव आणि नजर मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या हाताच्या, दोन छोट्या चाकांवर ठेव. आखडलेली कडी तिथून वळून बाहेर आली की सरळ होत नाही, कुबड काढून पुढे जाते आणि डिरेलरचा हात तेवढ्यापुरता उडी मारतो. सापडली की खडूने खूण कर, पिनेवर तेलाचा थेंब सोड, थोडा वेळ मुरू दे, मग दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून चेन आडवी, म्हणजे ती एरवी वाकत नाही त्या दिशेला, हलकेच इकडे तिकडे वाकव. बऱ्याचदा तेवढ्याने सुटते.

सुटली तरी चेन मापून घे. एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच. स्टीलची पट्टी एका पिनेच्या मध्यावर धर आणि चोविसावी कडी संपते ती पिन बघ. १२ इंचाच्या पुढे एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदल. ताणली जात नाही ती, आतल्या पिना झिजतात. तशीच रेटलीस तर मागचे दातही खाऊन टाकते.

आणि खारं पाणी लागलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धू, बादली आणि तांब्या, बास, जोराचा फवारा बेअरिंगवर मारायचा नाही. कोरडी कर, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब तेल आणि वरचं सगळं फडक्याने पुसून घे. लोक इथेच चुकतात, बाहेर ओघळलेलं तेल वाळू धरतं आणि चेनवर पॉलिश पेपर तयार होतो.

प्रतिसाद २

वाऱ्याचं मी सांगते. शाळेत खारे वारे मतलई वारे घोकले होते ना, ते परीक्षेपुरते नसतात :) दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि जागा भरायला समुद्रावरून वारा येतो. साधारण उशिरा सकाळी सुरू होतो, दुपारी ऐन भरात आणि सूर्य कलला की पडतो. रात्री उलट. म्हणून किनाऱ्याकडे जायचं आणि किनाऱ्याने जायचं ते सकाळी उरकायचं, आत गावांकडे वळायचं ते दुपारी, मग तोच वारा पाठीला लागतो. तुम्ही बहुतेक उलटं केलंत. अर्थात मोठं हवामान आलं, वादळबिदळ, तर हा हिशोब मोडतो, म्हणून आदल्या रात्री अंदाज बघायचाच.

आणि समोरच्या वाऱ्यात वेग धरून ठेवायचा हट्ट करू नका. तुम्ही १५ च्या वेगाने चाललात आणि समोरून १५ चा वारा आला तर अंगावर ३० ची हवा येते, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणजे चौपट. लहान चकती लावून ८-९ ने चाला, लाज कसली.

नकाशाचं म्हणाल तर माझा साधा आडाखा आहे, लहान रस्त्याला समांतर मोठा रुंद रस्ता आहे का ते बघते. असेल तर ट्रक तिकडून जातात आणि लहान रस्ता तुमचा. एकुलता एक रस्ता असेल तर तो नकाशावर कितीही बारीक दिसो, सगळी वाहतूक त्याच्यावरच. उपग्रहाच्या चित्रात खाण, बंदर, गोदामं दिसली तर तो पट्टा टाळा. आणि किनारा म्हणजे सपाट हा गैरसमज आत्ताच काढून टाका. रस्ता प्रत्येक खाडीला खाली उतरतो आणि प्रत्येक टेकाडावर परत चढतो, दिवसभरात असे सात-आठ झाले की ४० किलोमीटरचे पाय ७० सारखे बोलतात. अंतर बघू नका, एकूण चढ बघा.

प्रतिसाद ३

टायर बदलाच. २८ मिमी आणि ९० पीएसआय हे गुळगुळीत डांबरासाठी ठीक. ३५ किंवा ३८ मिमी घेतलेत तर सामानासकट ५०-५५ पीएसआयवर आरामात चालतं, खडखड कमी आणि आवाजही कमी. रिमवर त्याच ७०० मापाचे बसतात, फक्त फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा आहे का ते घ्यायच्या आधी मोजा, नंतर नाही. (अनुभव.)

जड सामान कॅरिअरवर वर बांधू नका, बाजूच्या पिशव्यांमध्ये तळाशी घाला.

थोडं अवांतर, पण १९व्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये पॉल द विवी म्हणून एक गृहस्थ होते, वेलोसिओ या नावाने लिहायचे, गिअरच्या सायकलींचा आणि सायकलवरून भटकण्याचा प्रचार त्यांनी आयुष्यभर केला. त्यांचे नियम अजून लोक सांगतात, भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, आणि मिरवायला पेडल मारू नका. तुमच्या ताईंना शेवटचा आवडेल.

धागालेखिका

मंडळी!! सापडली!

कड्या मोजल्या, ११२. उलटी करून फिरवली आणि चौथ्या की पाचव्या प्रदक्षिणेला डिरेलर उडालेला दिसला, एकच कडी, पिनेभोवती विटकरी रंगाचं बारीक कडं. तेल, अंगठे, दहा मिनिटं. ताई बाजूला उभी राहून "एवढ्यासाठी?" म्हणाली. चेन मापली तर खूण अगदी एक सोळांशावर आलीये, म्हणजे सहलीआधी नवीनच टाकते. टायरसाठी जागा मोजली, ३५ चे बसतील, ३८ ला मागचा ब्रेक नाही म्हणतो.

काल संध्याकाळी नेऊन आणली, टक् पूर्ण बंद. गंमत म्हणजे आता त्याच्याखाली दबलेला दुसरा आवाज ऐकू यायला लागलाय, खड्ड्यातून गेलं की मागे किणकिण, रिकाम्या डब्यात नाणं हलवावं तसं. चेन नाही हे नक्की, कारण पेडल थांबवूनही येतो.

प्रतिसाद १

पिशवीचा हुक कॅरिअरच्या दांड्यावर आपटतोय. जुन्या ट्यूबची पट्टी काप आणि दांड्याला गुंडाळ. आणि घंटी बसवली नसशील तर बसव. सायकल खरंच गप्प झाली की पुढे चालणाऱ्या माणसाला तू थेट मानेपाशी आल्यावर कळतेस, आणि गुरं तर बिथरून नेमकी चाकाखालीच येतात.

धागालेखिका

हुकच होता. घंटी बसवली, ताई म्हणते ती मी उगाच वाजवतेय.

निघतोय पुढच्या आठवड्यात. भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घेतल्यात, रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकतात ते धरून, पण ते फक्त बघायला. वाळूवर सायकल घालणार नाही असं ताईने माझ्याकडून सर्वांसमक्ष कबूल करून घेतलंय, तेव्हा हे इथे लिहून ठेवते.