गिटारला खड्डे पाडू नका, गेन उतरवा

फझवाला_सिडको

परवा इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं: घरी रेकॉर्ड केलेल्या रॉकमध्ये ड्रम बुडत असतील तर गिटारला दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये खड्डा पाडा (तेवढाच पट्टा खाली ओढा), ड्रम सरळ सॅम्पलने, म्हणजे तयार रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांनी, बदला आणि मोकळे व्हा, नाशिकच्या रो-हाऊसमध्ये खऱ्या ड्रमचा हट्ट म्हणजे नुसती हौस. खाली 'सहमत'ची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

अहो, गिटारचा चावा असतोच तिथे. तोच काढायचा तर गिटार ठेवली कशाला? रोग मिक्समध्ये (ट्रॅक एकत्र जुळवताना) नाही, रेकॉर्डिंगच्या वेळीच शिरलेला असतो. एकट्याने वाजवताना गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, फुल्ल ठेवला की छाती भरून येते, सूर लांबतो, चुकाही झाकल्या जातात. पण डिस्टॉर्शन म्हणजे लाटेची डोकी छाटणं. त्या ट्रॅकचा वेव्हफॉर्म बघा, रंधा मारलेली फळी! ना चढ, ना उतार. आणि ड्रमचा सगळा जीव फटक्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत. गिटार श्वासच घेत नसेल तर ते टोक बाहेर निघणार कुठून?

दुसरं पाप कॉपी-पेस्ट. एकच टेक डावीकडे, त्याचीच कॉपी पंधरा मिलिसेकंद मागे सरकवून उजवीकडे, आणि म्हणे डबल ट्रॅक. मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐका एकदा. ३३, १००, १६७ अशी दर ६७ हर्ट्झला भोकं पडलेली असतात. खरंच दोनदा वाजवा. हात दुखतो? दुखू दे.

गेल्या पावसाळ्यात मी स्वतः एका गाण्यावर सहा गिटार चढवल्या होत्या. ड्रमरने शांतपणे पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "त्या दिवशी मी आलो होतो ना रे?" रात्री चार ट्रॅक उडवले. उरलेले दोन गेन अर्ध्यावर आणून पुन्हा वाजवले, भरलेल्या कॉर्डऐवजी नुसते पॉवर कॉर्ड, दोनच सुरांचे. ८० हर्ट्झच्या खाली हाय-पास लावला, म्हणजे तिथलं कापून टाकलं. गिटारची खालची तार ८२ ची. त्याखाली होता तो वरच्या मजल्यावरचा मिक्सर, चटणीचा. स्नेअर, ड्रममधला तो कडकडणारा, पुढे आला. त्याच्या फेडरला (आवाजाच्या सरकपट्टीला) मी बोटही लावलं नव्हतं.

दहाबायदहा

तो सद्गृहस्थ मी. आरती ओवाळल्याबद्दल आभार.

गेनचं बरोबर आहे, पण ते मी नाकारलं कुठे होतं? माझा मुद्दा खोलीचा आहे. आपल्याकडे खोली दहा बाय दहा आणि बऱ्याचदा स्लॅबही दहा फुटांवर, म्हणजे शुद्ध घन. तिन्ही दिशांनी ५६ हर्ट्झच्या आसपास घुमणार, आणि किकचं, त्या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, पोट नेमकं तिथेच. वर तुम्ही खुर्ची टाकता खोलीच्या मध्यावर, जिथे तोच ५६ नाहीसा होतो. मग किक वाढवता. मग गाडीत लावलं की डिकी हलते. अशा खोलीत खरे ड्रम रेकॉर्ड करायचे आणि ऐकायचेही तिथेच? मोठमोठ्या स्टुडिओतसुद्धा खऱ्या स्नेअरखाली सॅम्पल सरकवतात. ते काय सगळे आळशी?

ताशेवाला

मी पथकात ताशा वाजवतो आणि शनिवार-रविवार ड्रम. लोक माइकवर हजारो उडवतात आणि ड्रमचं पान वर्षानुवर्षं बदलत नाहीत. ढोलाचं पान सैल असेल तर ताई-दादा मिरवणुकीत उभं राहू देत नाहीत, आधी दोऱ्या ओढा म्हणतात. स्नेअरला मात्र "मिक्समध्ये बघू".

दहाबायदहा, खोलीचं रडगाणं अर्धंच खरं आहे. मी ओव्हरहेड, म्हणजे ड्रमच्या वर टांगायचे दोन माइक, लावताना सुतळी घेतो. एक टोक स्नेअरच्या मध्यावर अंगठ्याखाली, दुसरं पहिल्या माइकला, गाठ मारायची. तीच गाठ दुसऱ्या माइकला टेकली पाहिजे. ३४ सेंटीमीटर चुकलात की एक मिलिसेकंद गेला आणि स्नेअर पातळ झाला. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी (लाटेची दिशा) उलटी करा. दहा रुपयांची सुतळी आणि एक बटण. सॅम्पल लागत नाही.

आणि पस्तीस ढोलांत एक ताशा कसा काय कापत जातो? तिथे कुठला इक्यू, तो खड्डे पाडणारा, लावलाय?

दहाबायदहा

ताशा कापत जातो कारण ढोल वाजतो आणि मावळतो. दोन ठोक्यांच्या मध्ये जागा असते. तुमच्या मित्राची गिटार मावळतच नाही.

फझवाला_सिडको

हेच तर मी वर लिहिलंय! माझाच मुद्दा मलाच विकताय, तोही चढ्या भावाने.

चौथी_तार

एवढे प्रतिसाद झाले आणि बासचा एक शब्द नाही. तुम्ही ज्याला 'हेवी गिटार' म्हणता तो निम्मा बास असतो, साहेब. माझी खालची तार ४१ हर्ट्झची, तुमची ८२. तुम्ही तळ भरायला गेन चढवता कारण मला आधीच बंद केलेलं असतं. मेटालिकाच्या १९८८ च्या '…अँड जस्टिस फॉर ऑल'वर बास जवळजवळ ऐकू येत नाही, लोक अजून त्यावर भांडतात. आमच्या बँडमध्ये मी तक्रार केली तर "तुझा लॅपटॉपचा स्पीकर असेल" म्हणाले. तीन वर्षं वाजवलं, एका रेकॉर्डिंगमध्ये मी ऐकू येत नाही. आईला दाखवायला गेले तर ती म्हणते, "यात तू कुठंयस?"

शांतताप्रिय_इंदिरानगर

संगीतातलं मला कळत नाही. पण खरे ड्रम, खरे ड्रम काय लावलंय? आमच्या शेजारी असाच एक कलावंत आहे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. २००० सालचे नियम आहेत, वाचा.

ताशेवाला

काका, ५५ मध्ये आमच्या घरी कुकरची शिट्टी बसत नाही.

शांतताप्रिय_इंदिरानगर

कुकर तीन शिट्ट्यांत थांबतो. तुमचा सराव जुलैपासून विसर्जनापर्यंत चालतो.

ताशेवाला

चालतो, आणि चालणार! अहो, केरळात लग्नाला, प्रचाराला 'नासिक ढोल' नावाने मंडळी वाजवतात. आपल्या गावाचं नाव तिकडे ढोलामुळे गेलंय आणि इथल्यांना नियमांची पाठांतरं. द्राक्षाच्या पेट्यांवर नाव चालतं, ढोलावर नको?

शांतताप्रिय_इंदिरानगर

माझ्या वडिलांच्या बायपासनंतर चौथ्या दिवशी गच्चीखाली बावीस ढोल होते. नावाचं कौतुक मला सांगू नका.

ताशेवाला

…ते वाईट झालं. तुम्ही सांगितलं असतं तर कुठलंही पथक पुढच्या चौकात गेलं असतं. आमचं तरी गेलं असतं.

शांतताप्रिय_इंदिरानगर

सांगितलं होतं.

संपादक

धाग्याचं काश्मीर होतंय. ढोलासाठी वेगळा धागा काढा. इथे गिटार आणि ड्रम.

आवाज_वाढव_डीजे

मुद्द्यावर येतो. सगळे मास्टरिंगला, म्हणजे गाण्यावरच्या शेवटच्या हाताला, घाबरता. लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं दाबणारा, घट्ट लावा, गाणं जोरात वाजलं पाहिजे, संपला विषय.

फझवाला_सिडको

या, तुमचीच वाट बघत होतो. स्पॉटिफाय सगळ्यांना उणे १४ एलयूएफएसच्या (गाण्याचा जोर मोजायचं माप) आसपास आणून बसवतं. तुम्ही दाबून उणे ६ केलं की ते आठ डेसिबल खाली ओढणार. जोर गेला तो गेलाच, वर स्नेअरचं टोकही छाटलेलं. गिटारचं डोकं आधी पेडलने उडवलं, उरलेल्यांचं तुम्ही उडवलंत.

आवाज_वाढव_डीजे

माझं गिऱ्हाईक स्पॉटिफायवर ऐकत नाही, ट्रॅक्टरवर ऐकतं.

दहाबायदहा

याला उत्तर नाही माझ्याकडे.

ताशेवाला, काल तुमची सुतळी लावून बघितली. माझा एक ओव्हरहेड दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब निघाला. दीड वर्षं तसाच होता. स्नेअरला थोडं अंग आलं, मान्य. पण किक अजून डबा वाजतोय, तिथे सॅम्पल राहणार म्हणजे राहणारच. आणि कोपऱ्यांत अंड्याचे ट्रे लावा असं सांगणारा कोण होता ते सांगा, ट्रेने खालचा एक हर्ट्झही हलला नाही. अंबडला बॉयलरवाल्यांकडून रॉकवूलचे, त्या आवाज शोषणाऱ्या लोकरीचे, स्लॅब आणलेत, चार इंची. दोन दिवस हात खाजतायत.

ताशेवाला

लांब बाह्यांचा शर्ट घालायचा असतो, कापडात शिवून मग लावायचं. किकमध्ये आधी उशी टाकून बघा. सॅम्पल नंतर.

दहाबायदहा

उशी टाकली. बायकोची होती. आता दुसरा विषय सुरू आहे घरात.

फझवाला_सिडको

गिटारचा तो खड्डा भरलात का पण?

दहाबायदहा

चार डेसिबलचा होता, दोनवर आणलाय. याहून जास्त माझ्याकडून होणार नाही.

चौथी_तार

आणि बास?

फझवाला_सिडको

ताई, तुमचा ट्रॅक पाठवा, बघतो.

चौथी_तार

पाठवलाय. मार्चमध्ये.