मदत हवी आहे: मामांची जुनी फायबरची होडी घरीच दुरुस्त करतोय, मागची फळी कुजली असेल तर कुठून उघडू?

भीमाकाठ

नमस्कार. फायबरच्या कामातली किंवा होड्यांतली जाणती मंडळी इथे असतील तर जरा मार्गदर्शन करा.

होडी मामांची. मामा करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या अगदी काठाला राहतात. चिलापी, कटला, नशीब असेल तर मरळ, असा धंदा. होडी साधारण १४ फुटी, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन बसतं. गेले काही पावसाळे ती बाभळीखाली पडून होती, तीही उताणी. म्हणजे पावसाचं पाणी आत साठायचं, आटायचं, पुन्हा साठायचं. मामा सध्या शेजाऱ्याच्या होडीवर अर्धेलीने जातात आणि रोज त्यावरून कुरकुरतात. शेवटी मीच टेम्पो सांगून ती जुळे सोलापुरात माझ्या अंगणात आणून टाकली. पाऊस लागायच्या आत पाण्यात उतरवायची आहे.

अवस्था अशी:

तळ मधोमध घासून गेलाय. उजनी मायनसमध्ये गेली (उपयुक्त साठा संपला) की पाणी काठापासून लांब सरकतं आणि होडी मुरूम-दगडांवरून ओढत न्यावी लागते, त्याचा हा परिणाम. वरचा गुळगुळीत थर गेलाय, काही ठिकाणी काचेचे धागे उघडे पडलेत. उजव्या बाजूला पुढे मुठीएवढं भोक आहे, ते कुणीतरी डांबर आणि गोणपाट कोंबून बुजवलंय. आतून कडांना कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत.

खरी काळजी मागच्या फळीची, जिथे इंजिन अडकवतात. बाहेरून धड दिसते. पण हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर वर टणटण वाजतं आणि खालच्या अर्ध्या भागात भदभद. जुना बोल्ट काढला तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि बराच वेळ ठिबकत राहिलं. इंजिनाच्या क्लॅम्पच्या जागी फायबर आत दबलंय.

इथल्या एका कारागिराला दाखवलं. तो म्हणाला, "वरून काचेच्या धाग्यांच्या मॅटचे दोन थर मारतो, रंग देतो, नव्यासारखी होईल." मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते सांगताही येईना.

फळी आतून उघडू की बाहेरून? मॅटवर लावायचं रेझीन साधं (पॉलिएस्टर) घेऊ की इपॉक्सी? आणि सोलापुरात सध्या पारा ४२ च्या आसपास आहे, त्यात हे काम होतं का?

फायबरमिस्त्री

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत बसचे शो, कुलरच्या बॉड्या असली कामं करतो. होडी फार केली नाही, पण फायबर ते फायबरच की ओ.

वरनं मॅट मारायची काय गरज नाही, आधी आतलं लाकूड बघा. फायबरच्या आतली प्लायची फळी ओली असली आणि तुम्ही वरनं बंद केली तर पाणी आतच कोंडतंय. इंजिनाचा हादरा बसला की कुजलेला प्लाय फायबरपासून सुटतोय. एक दिवस इंजिन फळीसकट पाण्यात जाईल.

फळीत आतल्या बाजूनं ६ एमएमच्या ड्रिलनं भोकं पाडा, वर, मध्ये, खाली. बिट बाहेर येताना भुसा बघा. कोरडा, पिवळसर आला तर लाकूड चांगलं. काळा, ओला, बोटाला चिकटणारा आला तर गेलं. बिट बाहेरच्या फायबरपर्यंत जाऊ देऊ नका, टेप लावून खूण करा.

तळाचं आणि भोकाचं काम सोपं आहे. डांबर मात्र सगळं खरवडून काढा आणि त्याच्या भोवतीची हातभर जागा साफ करा. डांबराचा किंवा तेलाचा नुसता पुसट थर राहिला तरी रेझीन धरत नाही. आधी असिटोननं पुसा, मग ग्राइंडरवर ३६ किंवा ४० नंबरचा कागद लावून घासा. उलट केलं तर घाण घासून आत बसतीय. भोकाच्या कडा सरळ कापायच्या नाहीत, उतरत्या करायच्या. जाडी ५ एमएम असेल तर चारी बाजूंनी ६० एमएमपर्यंत उतार पाहिजे, म्हणजे बारापट. आतून पत्रा नाहीतर लॅमिनेटचा तुकडा मेण लावून आधाराला ठेवा, वर आधी मोठा तुकडा, मग लहान.

घासताना पूर्ण बाह्या, गॉगल, मास्क. रुमालानं भागत नाही. अंगाला काच लागली तर गार पाण्यानं धुवायचं, गरम घेतलं तर रात्रभर खाजवत बसाल.

मालवणी_खलाशी

आमच्याकडे फायबरच्या होड्या घराघरात. समुद्रात असो की धरणात, होडी पहिली मरते ती मागच्या फळीतच, कारण बोल्टची भोकं नुसती पाडून बोल्ट घातलेले असतात. भोकाच्या आत लाकूड उघडं राहतं आणि पाणी तिथूनच शिरतं.

आतून उघडा. बाहेरचं फायबर शाबूत असेल तर तोच तुमचा साचा, होडीचा आकार बदलत नाही. आतली कातडी कडेने साधारण दोन-तीन इंच सोडून कापा, ती कड नंतर पकड द्यायला लागते. कुजलेला प्लाय छिन्नीने निघतो, चांगला उरलेला चिवट असतो, तोही काढा. अर्धी फळी जुनी आणि अर्धी नवी ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो.

नवा प्लाय मरीन म्हणून विकतात तो नव्हे, शिक्का बघून घ्या: आयएस ७१०. या प्रतीची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. आयएस ३०३ मध्ये जो बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा) येतो त्याची ८ तासांचीच. १८ मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून घ्या, म्हणजे ३६ झाले, वर फायबर धरून लहान इंजिनाला पुरे. आणि कापलेल्या कडा! प्लाय पाणी पितो तो कडेने. बसवायच्या आधी चारी कडांना पातळ रेझीन पाजा, पिणं थांबेपर्यंत पाजा.

बोल्टची भोकं दुप्पट मोठी पाडायची, रेझीन आणि बारीक कापलेल्या धाग्याच्या पुटीने बुजवायची, सुकल्यावर त्या पुटीच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक. मग लाकडाला पाण्याचा संबंधच येत नाही.

नुसताच_प्रेक्षक

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा भंगारात द्या आणि नवी घ्या. मजुरी, रेझीन, वेळ धरला तर काय वाचणार?

भीमाकाठ

@नुसताच_प्रेक्षक, नव्या होडीचा भाव मामांना तोंडपाठ आहे, म्हणून तर ही अंगणात आली. मजुरी माझीच, ती फुकट.

बाकी दोघांचे आभार. ड्रिल केलं. वरच्या भोकांतून कोरडा भुसा, मधल्यातून ओलसर, खालच्यातून अक्षरशः काळा चिखल. आतून कापायला घेतलं. प्लायचे पापुद्रे हाताने सुटले, खालच्या कोपऱ्यात तर मुंग्यांचं घर होतं. बाहेरचं फायबर मात्र ठणठणीत आहे.

ते कोरडं झालं की नाही हे कसं ओळखायचं? आणि इपॉक्सीचा प्रश्न राहिलाच.

फायबरमिस्त्री

पॉलिथिनचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेप मारून चिकटवा आणि दिवसभर उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर ओलं आहे. सोलापूरचं ऊन इथं तुमच्या बाजूनं आहे बघा, मुंबईवाल्यांना याला महिना लागला असता.

इपॉक्सी चांगलंच धरतं, पण महाग. आणि नेहमीची तुटक धाग्यांची मॅट त्याच्याबरोबर नीट चालत नाही. त्या मॅटमधला चिकटा साध्या रेझीनमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीनच नाही, मग मॅट कडक राहती आणि कोपऱ्यात बसत नाही. अजून एक. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरतं, पण इपॉक्सीवर परत पॉलिएस्टर धरायची खात्री नाही. एकदा त्या वाटेला गेलात की पुढची सगळी दुरुस्ती इपॉक्सीतच.

माझं मत: आयसो रेझीन घ्या, ते पॉलिएस्टरच. जनरल पर्पज म्हणजे नेहमीच्या रेझीनपेक्षा थोडं महाग, पण पाण्यात टिकतं. ४५० ची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅट, मध्ये एक थर विणलेलं रोविंग (जाड काचधाग्यांचं कापड), वर परत मॅट. ४५० च्या एका थराची जाडी साधारण १ एमएम भरते. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीचपट रेझीन धरा. जास्त ओतलं म्हणजे मजबूत होतं असं नाही, नुसतं रेझीन ठिसूळ असतंय. ताकद काचेची आहे. रोलर फिरवून बुडबुडे काढा, मॅट पांढरी दिसायची बंद झाली पाहिजे.

रसायन_मास्तर

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, होडीतलं काही कळत नाही. पण कोणी अजून हे लिहिलं नाही म्हणून लिहितो, आणि कृपया हे हसण्यावारी नेऊ नका.

दुकानातून तीन डबे मिळतील: रेझीन, कोबाल्ट (जांभळट-निळं, रेझीन घट्ट व्हायला गती देणारं) आणि हार्डनर, म्हणजे एमईकेपी. काही रेझीनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, तसं असेल तर ते पुन्हा घालू नका, दुकानदाराला विचारून घ्या. नसेल तर कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. दोन्हीसाठी वेगळं माप, वेगळी काडी, आणि डबेही एकाच फळीवर शेजारी ठेवू नका.

एमईकेपी डोळ्यात गेलं तर बुबुळ जळतं, दृष्टी जाऊ शकते. गॉगल न घालता बाटली उघडायचीच नाही. तरीही उडालं तर लगेच वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा.

आता तुमचे ४२ अंश. तापमान १० अंशांनी वाढलं की रेझीन घट्ट व्हायचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. २५ अंशांना २० मिनिटं मिळत असतील तर भर दुपारी मगातच दगड होईल. दुसरं, स्टायरीनची वाफ ३१-३२ अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि असिटोनची तर कुठल्याही दिवशी. म्हणजे तुमच्या अंगणात दुपारी उघडा डबा हा सरळसरळ पेटणारा माल आहे. ग्राइंडर, विडी, चूल, गिझर, काहीही जवळ नको. घासायचं काम आणि लेपाचं काम वेगवेगळ्या दिवशी ठेवा.

फायबरमिस्त्री

मास्तर बरोबर बोलले. आम्ही उन्हाळ्यात पहाटे पाच-साडेपाचला सुरू करतो आणि ऊन अंगावर यायच्या आत रोलर धुऊन ठेवतो. आदल्या दिवशी होडी सावलीत घ्या. तापलेल्या फायबरवर लेप दिला तर फेस येतो.

हार्डनर किलोला १० मिली, म्हणजे एक टक्का. उन्हाळा आहे म्हणून अजून कमी करू नका, मग रेझीन कधीच पूर्ण पिकत नाही, महिन्यानंसुद्धा नखानं ओरखडा उठतो. वेळ पाहिजे असेल तर एका वेळी कमी कालवा, अर्धा किलोच्या वर नको. आणि खोल मगात नको, पसरट परातीत. मगात उष्णता साठती, धूर निघतो. उरलेलं तापायला लागलं तर कचऱ्यात टाकू नका, उघड्यावर वाळूत पसरा.

भीमाकाठ

हे सगळं छापून अंगणातल्या भिंतीवर लावलंय. हिने रेझीनच्या डब्यांना घरात बंदी घातली आहे, ते मागच्या मोरीच्या पलीकडे पत्र्याखाली, हार्डनर वेगळ्या टोकाला.

एक राहिलं. बसायच्या फळ्यांखाली बंद खण आहेत, त्यात थर्माकोल होता. तो पाण्याने जड झालाय, पिळला तर पाणी निघतंय. नवा थर्माकोल भरून वरून फायबर मारू का?

मालवणी_खलाशी

थर्माकोलला साधं रेझीन लागलं की तो तुमच्या डोळ्यांदेखत विरघळतो. करून बघायचं तर एक तुकडा घेऊन थेंब टाका.

सोपा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे कॅन. झाकणाला सिलिकॉन लावून खणात पट्ट्याने जखडून ठेवा, खणाला तळाशी पाणी निघायला भोक ठेवा. हिशोब असा: फायबरची घनता पाण्याच्या दीडपट, म्हणून बुडालेल्या होडीचं पाण्यातलं वजन तिच्या कोरड्या वजनाच्या एक तृतीयांश. होडी १२० किलोची धरली तर ४०. इंजिन ३० किलोचं असेल तर त्याचे जवळपास २५. झाले ६५. २० लिटरचा बंद कॅन १९ किलोच्या आसपास उचलतो, म्हणजे चार कॅन नुसत्या होडीला. माणसं तिला धरून राहायची तर सहा-सात तरी घाला, आणि दोन्ही कडांना वाटून, सगळे मध्ये नकोत, नाहीतर होडी पालथी होऊन तरंगेल.

धरणाचं पाणी म्हणून हलक्यात घेऊ नका. मे २०२४ मध्ये तुमच्या उजनीतच कुगाव ते कळाशीच्या वाटेवर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. मामांना लाइफ जॅकेट घालायला लावा, उशाला घ्यायला नव्हे.

भीमाकाठ

मामांना पोहता येतं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पण जॅकेट आणतोच.

नवी फळी बसवली. वरची कड किती उंचीवर कापू? जुनी मापं कुजून गेली.

मालवणी_खलाशी

इंजिनावर अवलंबून. शॉर्ट शाफ्ट (आखूड दांड्याचं) असेल तर तळापासून फळीच्या वरच्या कडेपर्यंत १५ इंच, लाँग असेल तर २०. इंजिन प्रत्यक्ष टांगून बघा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली आली पाहिजे. तुमच्याकडे पाणी उतरलं की दगड वर येतात, तेव्हा एखादा सेंटिमीटर उंच राहिली तरी चालेल, फार खाली नको.

फायबरमिस्त्री

आणि शेवटच्या लेपात मेणाचं द्रावण घालायला विसरू नका, नाहीतर वरचा थर चिकट राहतो आणि कागदानं घासला की कागद भरतो. तळाला मधोमध, जिथं ओढताना घासतंय तिथं, मॅटचा एक थर जादा द्या. रंग द्यायच्या आधी होडी दोन टायरांवर ठेवून आतून वीतभर पाणी भरा आणि रात्रभर सोडा. त्यापेक्षा जास्त भरू नका, तळ वजनानं बसंल. सकाळी खालची फरशी कुठं ओली आहे ते बघा आणि खडूनं खूण करा.